घरात सगळे माळकरी, तरी भावाच्या मेंदूत अळी कशी? मिरजेत एमआरआय झाला, आता पुढे काय?

माळकरी असण्याचा इथे संबंध नाही. कच्चं डुकराचं मांस खाल्लं तर फीतकृमी आतड्यात होतो. मेंदूत अळीची गाठ होते ती त्या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ती येतात माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेली कोथिंबीर, दूषित पाणी, स्वयंपाक करणाऱ्याचे हात. सांगलीच्या मंडईतली भाजी शाकाहारी घरातही येतेच की!

एमआरआयमध्ये गाठीच्या आत अळीच्या डोक्याचा ठिपका दिसला तर निदान जवळपास पक्कं. ठिपका नसेल तर आपल्याकडे क्षयाच्या गाठीची शंका घ्यावीच लागते; ती बहुधा दोन सेंटिमीटरहून मोठी असते. चुन्यासारखी घट्ट झालेली जुनी गाठ सीटी स्कॅनवर जास्त स्पष्ट दिसते.

उपचारात पहिली फिटची गोळी, जंताची नंतर. अल्बेंडाझोल मेडिकलमधून स्वतःहून आणून देऊ नका. अळी मरताना भोवती सूज येते, फिट वाढू शकतात, म्हणून आधी स्टेरॉइड सुरू करतात. जंताच्या औषधाआधी डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या. डोळ्यात अळी असेल तर हेच औषध दृष्टीवर बेतू शकतं. एक-दोन जिवंत गाठी असतील तर अल्बेंडाझोल साधारण 10 ते 14 दिवस, जास्त असतील तर जोडीला प्राझिक्वांटेल हे दुसरं जंताचं औषध. गाठ चुन्याची झाली असेल तर जंताचं औषध लागत नाही, फिटची गोळी मात्र चालू राहते. मेंदूला खूप सूज असेल तर आधी ती उतरवतात.

घरातल्या सगळ्यांची शौचतपासणीही करून घ्या. कृमी घरातल्याच कुणाच्या तरी पोटात असू शकतो.