आजोबांची '१९०७' संगीन आणि तिच्याभोवतीचा संग्रह

आजोबांच्या ट्रंकेत '१९०७' असा आकडा असलेली संगीन सापडली असून तिच्यापासून संग्रह उभा करावयाचा आहे, तर अस्सलपणा कसा ओळखावा, जोडीला काय घ्यावे आणि ती घरात ठेवणे कायद्यात बसते काय, असा आपला प्रश्न आहे.

१९०७ हे घडणीचे वर्ष नसून नमुन्याचे वर्ष आहे. शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड रायफलीसाठी ब्रिटिशांनी जपानी आरिसाका रायफलीच्या संगिनीवरून हा १७ इंची पात्याचा नमुना बेतला आणि त्याचे उत्पादन पुढे अनेक वर्षे चालू राहिले. खरे वर्ष पाहण्यासाठी मुठीलगतच्या पात्याच्या जाड, बिनधारेच्या भागावर भिंग धरावे. ब्रिटिश घडणीच्या संगिनीवर एका बाजूस मुकुट, त्याखाली 'जीआर' (राजा जॉर्जची आद्याक्षरे), नमुन्याचा आकडा, महिना व वर्ष आणि विल्किन्सन, सँडरसन किंवा चॅपमन यांसारखे कारखानदाराचे नाव असते. '५ १८' असे कोरलेले असल्यास ती मे १९१८ मधील समजावी. दुसऱ्या बाजूस सरकारी मालकीचा बाण, तपासनिसांचे बारीक शिक्के आणि पाते वाकवून पारखल्याची फुलीसारखी खूण आढळते. या खुणा वर्षानुवर्षांच्या पुसण्याने थोड्या बोथट झालेल्या असाव्यात. पाते झिजलेले आणि शिक्के मात्र काल मारल्यासारखे धारदार असतील, तर विक्रेत्याचे पुढचे बोलणे ऐकण्याची गरज नाही.

फसवणूक सर्वाधिक होते ती हुकाच्या संगिनीत. आरंभीच्या नमुन्यात मुठीच्या आडव्या पट्टीला खाली वळलेला हूक होता. तो १९१३ मध्ये रद्द झाला आणि सैन्यात वापरात असलेल्या बहुतेक संगिनींचे हूकही पुढे कापून घासून टाकण्यात आले. त्यामुळे हूक शाबूत असलेली संगीन दुर्मीळ आणि महाग ठरते व साध्या पट्टीला नवा हूक जोडून विकण्याचा मोह अनेकांना होतो. ब्रिटिश कारखान्याची, १९१७ सालची आणि तरीही हूक असलेली संगीन समोर आली, तर ती सरळ नाकारावी. मुठीच्या टोकाकडील आरपार छिद्र हा दुसरा पुरावा आहे. संगीन रायफलीला बसवण्याच्या मुठीतील खाचेत साचणारी माती बाहेर पडावी म्हणून ते १९१६ च्या सुमारास आले. परंतु जुन्या संगिनींनाही ते नंतर पाडले गेले, त्यामुळे केवळ छिद्रावरून वर्ष ठरवू नये.

माझे मत विचाराल, तर भारतीय संग्राहकाने हुकाच्या मागे न लागता बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यापासून, म्हणजे 'आरएफआय' या शिक्क्यापासून सुरुवात करावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात १७ इंची पाती कापून १२ इंचांवर आणली गेली आणि त्याच लांबीची नवी पातीही घडवली गेली. दोन्ही शेजारी ठेवल्यास फरक लगेच कळतो: कापलेल्या पात्यावरील पन्हळ, म्हणजे लांबीभर जाणारी उथळ खोबण, जवळपास टोकापर्यंत जाऊन भिडते, तर नव्याने घडवलेले आखूड पाते सपाट, बिनपन्हळीचे असते.

संगिनीइतकेच लक्ष म्यानाकडे आणि ते कमरपट्ट्याला अडकवण्याच्या पट्ट्याकडे, म्हणजे फ्रॉगकडे, द्यावे. म्यान चामड्याचे असून त्याचे तोंड व टोक पोलादी असते. फ्रॉग १९०८ किंवा १९३७ च्या नमुन्याच्या सैनिकी साजातील कापडी विणीचा असू शकतो, चामड्याचाही असू शकतो. सैन्यातच भाग बदलले जात असल्याने तिन्हींवरची वर्षे जुळलीच पाहिजेत असा हट्ट धरू नये. कापडी फ्रॉगची शिवण मात्र अतिनील दिव्याखाली पाहावी, कारण आधुनिक धागा बहुधा निळसर चमकतो.

पाते ब्रासोने किंवा सँडपेपरने चकचकीत करू नये. तसे केल्यास मूळ झिलई आणि शिक्क्यांच्या कडा कायमच्या जातात. सैल गंज हलक्या मशीन ऑइलने भिजवून मऊ कापडाने टिपावा आणि मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ थर द्यावा. पाते चामडी म्यानात घालून ठेवू नये, कारण कमावलेल्या चामड्यातील आम्ल आणि आपल्या पावसाळ्याची ओल मिळून एका हंगामात पात्यावर खड्डे पाडू शकतात.

कायद्याविषयी सांगायचे तर शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत संगिनीचा नावानिशी उल्लेख आहे. मात्र अशा बिगर-बंदुकी शस्त्रांसाठी परवाना सर्वत्र लागत नाही; शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४ खाली केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांतच तो लागतो. आपल्या भागाची स्थिती जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त कार्यालयात लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे. सार्वजनिक ठिकाणी ती बाळगणे हा वेगळा प्रश्न असून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश सणासुदीला वारंवार निघतात. परदेशातून मागवताना आयात परवान्याचा प्रश्न येतो, आणि शंभर वर्षांवरील ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येत असल्याने ती परदेशी संग्राहकाला विकून पाठवणे खाजगी व्यक्तीला मना आहे.