लॅन कार्डाचा ड्रायव्हर: आधी चिप ओळखा

नेट बंद पडलं की संशय ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणि संशय आला की जिथून मिळेल तिथून नवा ड्रायव्हर. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांची कथा हीच आहे. गोंधळ सारखाच असल्यामुळे उत्तरं एकत्र देते.

प्रश्न: विंडोज नव्याने टाकलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'इथरनेट कंट्रोलर'वर पिवळी खूण आणि 'कोड २८' दिसतो. ओळखीतले एक जण म्हणतात कार्ड गेलं. खरं का?

नाही. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेला नाही, एवढंच. कार्ड आपली ओळख सांगतंय, म्हणून तर ते यादीत दिसतंय. त्या नोंदीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्समध्ये जा आणि हार्डवेअर आयडी निवडा. 'व्हीईएन'पुढची चार चिन्हं कंपनी सांगतात: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. 'डीईव्ही'पुढची चार चिप सांगतात. १०ईसी आणि ८१६८ अशी जोडी दिसली तर ती रिअलटेकची गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या वेगाची) चिप. खोक्यावर कुणाचंही नाव असो, ड्रायव्हर चिपचा लागतो. लॅपटॉप असेल तर आधी त्याच्या उत्पादकाच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं पान पाहा, तिथे नसेल तर चिप बनवणाऱ्या कंपनीचं. तरीही खात्री होत नसेल तर तो आयडी लिहून घ्या आणि जाणकार तंत्रज्ञाला दाखवा. अंदाजाने काही टाकू नका.

प्रश्न: नेटच नाही, मग ड्रायव्हर उतरवू कुठून?

फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट संगणकाला देणारी सोय) सुरू करा, नाहीतर दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर आणा.

प्रश्न: एका मोफत 'ड्रायव्हर अपडेटर'ने माझे २३ ड्रायव्हर जुने असल्याचं लाल अक्षरांत दाखवलं. काही २००६ चे, एक तर १९६८ चा! पैसे भरले की एका क्लिकमध्ये सगळे नवे होतील म्हणतो. भरू का?

भरू नका, आणि ते सॉफ्टवेअर आजच काढून टाका. इथे जरा थांबून बोलते, कारण असं पत्र आलं नाही असा महिना जात नाही.

आधी त्या तारखा. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या अनेक ड्रायव्हरांवर २१ जून २००६ ही तारीख मुद्दाम घातलेली असते. एकाच उपकरणाला दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील तर विंडोज नव्या तारखेचा निवडतं. मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर दर वेळी ताज्या तारखेचा निघाला, तर कंपनीने त्या चिपसाठी खास लिहिलेला मागे पडेल. तसं होऊ नये म्हणून ही जुनी तारीख. आतला कोड नवा असू शकतो. १९६८ चंही तेच. १८ जुलै १९६८ ही इंटेलची स्थापना. चिपसेटच्या (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांच्या) फायलींवर इंटेल ती तारीख घालते, कारण तिथेही दुसऱ्या खास ड्रायव्हरला मागे सारायचं नसतं. १९६८ साली विंडोज नव्हतंच, हे अपडेटर विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी ते लाल रंगात दाखवतात, कारण लाल रंग पाहून माणूस पैसे भरतो. याचा मला राग येतो.

पण पैशांपेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालतो. आलेली फ्रेम (केबलवरून येणारा माहितीचा तुकडा) लॅन कार्ड थेट मेमरीत नेऊन ठेवतं, आणि कुठे ठेवायची त्या जागांची यादी त्याला ड्रायव्हर देतो. या यादीला डिस्क्रिप्टर रिंग म्हणतात. रिंगमधला एक पत्ता चुकला तर कार्ड भलत्याच मेमरीवर लिहून मोकळं होऊ शकतं. साधा प्रोग्रॅम कोसळला तर तो एकटाच बंद होतो. ड्रायव्हर कोसळला की निळा पडदा येतो आणि न साठवलेलं काम गेलं. शिवाय त्या केबलवरून जाणारा-येणारा प्रत्येक बाइट याच ड्रायव्हरच्या हातून जातो. घराच्या किल्ल्या आपण रस्त्यात भेटलेल्याला देत नाही, मग कर्नल का देता?

विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून, सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असलेल्या नव्या इन्स्टॉलेशनवर नव्या कर्नल ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही लागते. 'सहीची तपासणी बंद करा, मग आमचा ड्रायव्हर टाका' असं एखादं पान सांगत असेल तर ते तिथेच बंद करा. आणि सही आहे म्हणून डोळे मिटून टाकू नका. सही असलेले पण भोकं राहिलेले जुने ड्रायव्हर हल्लेखोर मुद्दाम वापरतात. सुरळीत चालणारा ड्रायव्हर बदलायला दोनच कारणं पुरेशी: कंपनीने सुरक्षेची दुरुस्ती दिली आहे, किंवा तुमचाच त्रास तिच्या बदलांच्या यादीत लिहिलेला आहे. त्या अपडेटरने आधीच काही बदललं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' (आधीचा ड्रायव्हर परत आणणारा पर्याय) मिळतं का पाहा. त्या संगणकावर बँकेचे किंवा कार्यालयाचे व्यवहार होत असतील तर तो जाणकाराकडून तपासून घ्या.

प्रश्न: गिगाबिट कार्ड आहे, पण वेग १०० एमबीपीएसच दाखवतं. तीन ड्रायव्हर बदलून झाले. आता कुणी म्हणतं 'ऑटो निगोशिएशन' बंद करा.

चौथा ड्रायव्हर शोधू नका, केबल पाहा. १०० च्या वेगाला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. प्लग उजेडात धरा आणि पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तारा टोकापर्यंत गेल्या आहेत का बघा. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार अर्ध्या मिलिमीटरने आखूड राहिली तरी लिंक १०० वर उतरते, आणि बाकी सगळं चालतंय असं वाटतं. ऑटो निगोशिएशन म्हणजे दोन्ही टोकांनी आपसात वेग ठरवून घेणं. त्याबद्दलची सांगोवांगी तर मुळीच ऐकू नका. तांब्याच्या केबलवर गिगाबिटला ते लागतंच. एका टोकाला १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना वाहतूक) सक्तीने लावलंत की दुसरं टोक हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरून बसतं, टकरी होतात आणि वेग आणखी घसरतो. केबल बदलूनही फरक नसेल तर भिंतीतली वायरिंग नेटवर्कवाल्याकडून टेस्टर लावून तपासून घ्या.

प्रश्न: आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. कोणता ड्रायव्हर टाकू?

कोणताही नाही, डीएचसीपीकडून (आपोआप आयपी पत्ता वाटणाऱ्या, सहसा राउटरमधल्या सेवेकडून) पत्ता मिळालेला नाही, राउटर आणि केबल तपासा.

प्रश्न: लिनक्सवर रिअलटेकचा ड्रायव्हर हाताने बिल्ड करून टाकला होता. कर्नल अपडेट झाला आणि पोर्ट गायब.

हाताने बिल्ड केलेलं मॉड्यूल (कर्नलला जोडलेला ड्रायव्हरचा भाग) त्या एका कर्नलपुरतं असतं. कर्नल बदलला की ते पुन्हा बिल्ड करावं लागतं. हे काम डीकेएमएस हे लिनक्सवरचं साधन आपोआप करतं, पण सिक्युअर बूट असेल तर सहीचंही बघावं लागतं. मुळात तो ड्रायव्हर हवा होता का? कर्नलमधला आर८१६९ हा ड्रायव्हर ८१६८ आणि ८१२५ या चिपाही चालवतो. नावातला आकडा जुळत नाही म्हणून तो चुकीचा, हा गैरसमज फार पसरलाय. बूट मेनूतून जुना कर्नल निवडा, बाहेरचं मॉड्यूल काढा, आर८१६९ ला ब्लॅकलिस्ट करणारी (चालू होऊ न देणारी) ओळ राहिली असेल तर तीही काढा. यंत्र कामाचं असेल तर हे अ‍ॅडमिनला शेजारी बसवून करा.

प्रश्न: कार्यालयातल्या सर्व्हरचं नेट रोज एकदा तुटतं. सहा महिने कार्ड डिसेबल-एनेबल करून भागवतोय. नवा ड्रायव्हर टाकू का?

सहा महिने फार झाले. तुटण्याची वेळ नोंदवा आणि त्याच क्षणाला स्विचच्या (केबली जिथे एकत्र येतात त्या यंत्राच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, काय आहे ते पाहा. तिथेही लिंक पडलेली दिसली तर आधी केबल, पोर्ट, कार्ड. लिंक टिकून असेल आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ट्रान्समिट क्यू टाइमआउट (पाठवायची पॅकेटं अडकून पडल्याची नोंद) असेल तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअरवर (कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) संशय घ्यायला जागा आहे. चालू सर्व्हरवर स्वतः प्रयोग करू नका. या नोंदी घेऊन याच आठवड्यात नेटवर्क अ‍ॅडमिनकडे जा.

प्रश्न: चुकीच्या ड्रायव्हरने कार्ड कायमचं निकामी होतं का?

सहसा नाही. पण २००८ साली लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांमध्ये इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या काही चिपांची कायमस्वरूपी मेमरी बिघडली आणि त्या चालेनाशा झाल्या. सगळ्यांनी ड्रायव्हरला धरलं. दोष निघाला कर्नलमधल्या एफट्रेस या माग काढणाऱ्या सुविधेत; ती मोकळ्या झालेल्या जागेवर लिहीत होती आणि तिथे आता कार्डाचे पत्ते आले होते. म्हणून चाचणी आवृत्ती रोजच्या यंत्रावर नको. कार्डाचं फर्मवेअर बदलायचं असेल तर फाइल उत्पादकाकडचीच घ्या आणि आधी त्याच्या सेवा केंद्राशी बोला.

प्रश्न: वायरशार्क या पॅकेट तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये माझ्याकडून जाणाऱ्या पॅकेटांचा चेकसम चुकीचा दिसतो. ड्रायव्हर बिघडला?

नाही, चेकसम (पॅकेट बिघडलं का ते पडताळणारा आकडा) पुढे कार्डच भरतं. वायरशार्क त्याआधीचं पॅकेट पाहतो.