बेल वाजली की अंगावर झेपावणारा लॅब्रॅडॉर: आधी मुठीचा खेळ शिकवा

दहा महिन्यांचा लॅब (लॅब्रॅडॉर कुत्रा), बेल वाजली की पाहुण्यांवर उडी, फिरायला निघताना दारातच ओढाओढ, आणि ‘नो’ म्हणून ढकललं की आणखी चेकाळतो, असं तुम्ही लिहिलंय. तो बिघडलेला नाही, वयात आलाय. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत लॅब अंगाने दांडगा आणि डोक्याने पोरच असतो. त्यात तुम्ही ओरडत ढकलता, म्हणजे त्याच्या लेखी कुस्तीच की! गळ्यात चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घालायचा सल्ला मिळाला असेल तर तो सोडून द्या. दुखलं म्हणून तो थांबेल, पण पाहुणे आले की गळा दुखतो, एवढंच त्यातून शिकेल.

सुरुवात दारापाशी नको, स्वयंपाकघरात करा. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे घ्या. एक तुकडा मुठीत धरून मूठ त्याच्या नाकासमोर ठेवा. तो चाटेल, पंजा मारेल. तुम्ही गप्प बसायचं. ‘नो’ नाही, ‘सिट’ पण नाही. त्याने आपणहून तोंड मागे घेतलं की त्याच क्षणी ‘येस’ म्हणा आणि दुसऱ्या हाताने तुकडा द्या. हे जमलं की मूठ उघडा. झेपावला तर बंद, थांबला तर पुन्हा उघडी. कॅनडाच्या सुझन गॅरेट या प्रशिक्षिकेने हा खेळ ‘इट्स यर चॉइस’ या नावाने लोकप्रिय केला. यातली गोम अशी की थांबायचं त्याचं त्याला सुचावं लागतं. म्हणून मध्ये बोलायचं नाही.

‘येस’ची वेळ मात्र चुकवू नका. आमच्या तांबू कुत्रीने पहिल्या दिवशी माझी मूठ दोन मिनिटं चाटली, कंटाळली, शिंकली आणि मागे सरकली. मी नेमकं शिंकेवर ‘येस’ म्हटलं. पुढचे पंधरा दिवस बाई खाऊ मागायला शिंकत होत्या!

मग हेच दाराला लावा. कडीकडे हात नेला आणि तो उसळला, तर हात खाली. चारही पाय जमिनीवर आले की पुन्हा कडीकडे. दार उघडणं हेच त्याचं बक्षीस. पहिल्या दिवशी बाहेर पडायला दहा मिनिटं लागतील, ऑफिसच्या घाईत हे करायला जाऊ नका. चार-पाच दिवसांनी एकदम जास्त उड्या मारेल. लिफ्ट आली नाही की आपण बटण पाच-पाच वेळा दाबतो ना, तसंच ते. नेमकं तेव्हा वैतागून दार उघडलंत, तर जोर लावला की दार उघडतं हे पक्कं झालं समजा.

पाहुण्यांसाठी सध्या तो पट्ट्यावर असू दे. चार पाय खाली असतील तरच त्यांनी हात लावायचा. खरी अडचण घरच्यांचीच. आमचे बाबा ‘असू दे रे, लाड करतेय’ म्हणत तांबूला अंगावर घ्यायचे. शेवटी खाऊचा डबा त्यांच्याच हातात दिला, तेव्हा कुठे ते कडक झाले.

सराव तीन-चार मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा. तुकड्यांइतकं जेवण कमी करा, लॅब पटकन जाड होतात. देवापुढचे मनुके बक्षीस म्हणून अजिबात नको, द्राक्षं-मनुक्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आणि संध्याकाळी तो वेड्यासारखा धावत असेल तर दुपारी झोपला होता का, ते आधी बघा. या वयाचं कुत्रं दिवसाचे चौदा-सोळा तास सहज झोपतं. झोप कमी पडली की लहान मुलासारखंच किरकिरं होतं.

बेलचा सराव सगळ्यात शेवटी. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि अगदी बारीक लावून सुरुवात करा. मी पहिल्याच दिवशी मोठ्याने लावला. तांबू भुंकत दाराकडे आणि समोरच्या काकू त्यांच्या दारात, ‘कोण आलंय?’ विचारत उभ्या.