तांब्याच्या सळया, पाण्याचा पॉइंट आणि वाड्यातलं सोनं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जमिनीखालचं पाणी शोधायला पाणाडे वापरतात तशा तांब्याच्या सळया घरी करता येतात का? मी तार वाकवून केल्या, पण धरल्या की सारख्या फिरत राहतात. (एक वाचक, वडूज)

उत्तर : करता येतात. इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगसाठी मिळणारी ८ गेजची नागडी तांब्याची तार घ्या. ती साधारण ४ मिमी जाड असते. ५० सेंमीचे दोन तुकडे कापा. गुंडाळीचा बाक काढायला तार दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून लाटा. मग १३ सेंमीवर पकडीत धरून एकाच दमात काटकोनात वाकवा. मागेपुढे करत बसलात तर तांबं त्या जागी कडक होतं आणि तडकतं. १३ सेंमीची बाजू मुठीसाठी, ३७ सेंमीची समोर. एका सळईचं वजन ५८ ग्रॅमच्या आसपास भरेल. मुठीवर १० सेंमी लांबीची प्लॅस्टिकची नळी घाला, रिकाम्या स्केचपेनाचीही चालते. नळीची कड कानशीने घासून घ्या, नाहीतर वाकण तिथे अडतं आणि सळई धक्क्याने फिरते. पुढचं टोक वळवून त्याची कडी करा. डोळ्यात जायचा धोका तेवढ्याने टळतो.

आता सारख्या फिरण्याबद्दल. कोपर अंगाला लावा, मुठींत २० सेंमी अंतर ठेवा आणि सळईचं टोक मुठीपेक्षा तीनेक सेंमी खाली राहू द्या. म्हणजे मूठ सुमारे ५ अंश पुढे कलते आणि सळई समोर स्थिर राहते. तुमच्या सळया बहुतेक अगदी आडव्या असणार. दाराची चौकट जराशी कलली की दार आपोआप एका बाजूला जातं, तसंच हे आहे. पुढचा कल एकच अंश ठेवलात तर मनगट एक अंश आत झुकताच सळई ४५ अंश वळते. टोकं एकमेकींना भिडायला १६ अंश पुरतात, त्यासाठी मनगट अर्धा अंशही हलावं लागत नाही. एवढं हलल्याचं धरणाऱ्याला कळत नाही. बांधावरून उतरताना, नाल्याच्या काठावर, माळावरच्या वाऱ्यात सळया ‘पाणी दाखवतात’ त्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

प्रश्न : सळयांना प्रश्न विचारला की ‘हो’ला जुळतात, ‘नाही’ला फाकतात. हरवलेली अंगठी, मुलीचं स्थळ, असं विचारलं. बरीच उत्तरं बरोबर आली. तांब्यात काही गुण आहे का? (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : तांब्याला गंज चढत नाही आणि ते वाकवायला सोपं, एवढाच गुण. लोखंडी हँगरच्या तारेच्या सळयाही तशाच फिरतात. ‘शरीरातली वीज तांब्यातून जाते’ म्हणावं, तर मुठीवर प्लॅस्टिकची नळी असतानाही त्या फिरतातच.

मनात जे असतं त्याच्या बाजूला स्नायू नकळत हलतात, हे विल्यम कार्पेंटर या इंग्रज वैद्याने १८५२ मध्ये मांडलं. अंगठी मोरीत पडली असावी असा संशय असला की सळया मोरीकडे वळतात, आणि कधीकधी अंगठी खरंच मोरीत सापडते. म्हणून ज्याचं उत्तर घरात कुणालाच ठाऊक नाही, असा प्रश्न विचारा. स्टीलच्या डब्यात नाणं टाका, झाकण लावून खडखडवा, खाली ठेवा. ‘छापा आहे का?’ असं विचारून उत्तर आधी वहीत लिहा, मगच झाकण उघडा. हे २० वेळा करा. नुसत्या अंदाजाने दहाच्या आसपास बरोबर येतात; १५ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता शंभरात दोन. अकरा-बारा बरोबर आले म्हणून हुरळून जाऊ नका. स्थळाचं मात्र सळयांना विचारू नका, मुलीलाच विचारा.

प्रश्न : पाणाड्याने सळयांनी दोन पॉइंट दाखवले. एका बोअरला पाणी लागलं, एक कोरडं गेलं. तिसरं त्याच्याच सांगण्यावरून घ्यावं का? (एक शेतकरी, जत)

उत्तर : आधी आजूबाजूच्या दहा बोअरचा हिशोब काढा. त्यातल्या पाचांना पाणी असेल तर डोळे मिटून खडा टाकला तरी सरासरीने दोनातलं एक लागतं. शिवाय ‘इथे पाणी नाही’ म्हटलेल्या जागी कुणी बोअर घेत नाही, त्यामुळे पाणाड्याची ती बाजू कधी तपासलीच जात नाही. १९९० साली जर्मनीत कासेल इथे पाणी शोधणाऱ्या सुमारे ३० जणांची चाचणी झाली. ५० सेंमी खोल पुरलेल्या पाइपातून पाणी वाहतंय की नाही, एवढंच सांगायचं होतं. निकाल नाणेफेकीच्या पुढे गेला नाही.

तरीही जुन्या पाणाड्याला अगदीच मोडीत काढू नये. उंबर, जांभूळ, वारूळ, नाल्याचा वळसा हे तो चालता चालता हेरतो. वराहमिहिरानेही सहाव्या शतकात बृहत्संहितेतल्या दकार्गल या पाणी शोधण्याच्या अध्यायात झाडं आणि वारुळं हीच पाण्याची खूण धरली होती. पाणाड्याची नजर कामाची आहे, सळई नाही.

आपल्याकडे सगळा काळा पाषाण. पाणी वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. जमिनीखाली नदीसारखी वाहती धार शोधण्यात अर्थ नाही. शेजारच्या विहिरींची पातळी मे महिन्यात मोजा, कारण दिवाळीतली पातळी फसवते. मग भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या सांगलीच्या कार्यालयात जाऊन तुमच्या भागातल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी विचारा. त्या जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेतात. विद्युत रोधकता तपासणी (जमिनीत वीज सोडून कुठला थर तिला किती अडवतो ते मोजणं; पाण्याच्या थराची रोधकता कमी दिसते) करून घेणार असाल तर खुंट्या आणि तारा पसरायला साधारण २०० मीटर सरळ, मोकळी जागा लागते. जवळ लोखंडी पाइपलाइन नको. ही तपासणीही चुकते : चिकणमाती, तांबडा गेरूचा थर किंवा खारं पाणी असलं तरी रोधकता कमीच दिसते. म्हणून आकड्याबरोबर शेजारच्या बोअरला किती फुटांवर काय लागलं, हे ताडून बघा. कोरडं गेलेलं बोअरही यात उपयोगी आहे, फक्त खोदताना थर लिहून ठेवायला हवेत.

प्रश्न : अँटेना फिरणारं ‘पाणी-सोनं शोधक यंत्र’ विकायला आलं आहे. घ्यावं का? (एक वाचक, आटपाडी)

उत्तर : नको. ती मूठ लावलेली सळईच आहे. असंच एक यंत्र ‘एडीई ६५१’ या नावाने इराकला बॉम्बशोधक म्हणून विकलं गेलं. आत चालणारं काहीच नव्हतं. विकणारा जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

प्रश्न : जुन्या वाड्यात सळया एका कोपऱ्यात जुळतात. खणून बघावं का? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : सळयांवरून जुन्या भिंतीचा पाया उकरू नका, वाडा अंगावर येईल. कुणी पूजा-बळीची भाषा करत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा; २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार गुन्हा आहेत. आणि समजा दुरुस्ती करताना खरंच काही सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.