डिपॉझिटचं नंतर, आधी किल्ली कुणाकडे ते ठरवा

ताई, सेलूला तुमच्या कॉलनीत 42 घरं आहेत, मंदिरामागची खोली मिळाली आहे, लोक आपल्या वस्तू द्यायला तयार आहेत. आता वस्तूंचं वाचनालय, म्हणजे पुस्तकांसारख्याच शिडी-पातेल्यांसारख्या वस्तू वापरायला न्यायच्या आणि परत आणून द्यायच्या अशी सोय काढायची, तर डिपॉझिट किती ठेवावं, असं तुम्ही विचारलंय. ते सांगतोच. पण आधी सांगा, खोलीची किल्ली कुणाकडे राहणार?

आम्ही परभणीत जिंतूर रोडला सुरू केलं तेव्हा हे कुणाला सुचलंच नाही. किल्ली सगळ्यांची, म्हणून चौकटीवर ठेवली. दोन महिन्यांत शिडी कुणाच्या घरी आहे हे कुणालाच सांगता येईना. वस्तू वाटायला दहा जण हौसेनं उभे राहतात; परत आलेली वस्तू उलटीपालटी करून बघायला एकही नसतो, आणि खरं काम तेच आहे. शेवटी एका निवृत्त लाइनमनकाकांनी किल्ली घेतली. रोज संध्याकाळी सहा ते सात, बस्स. अवेळी कुणी कडी वाजवली तर काकू दारातूनच "नाहीत घरी" म्हणतात, काका आत चहा पीत बसलेले असले तरी. असं जोडपं सापडलं तरच पुढं जा.

लोक देतील ते सगळं घेऊ नका. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात बंद पडलेले चार मिक्सर आणि लग्नात आहेर आलेली भिंतीवरची घड्याळं जमली. त्यापेक्षा वही घेऊन घरोघर फिरा आणि एवढंच विचारा, गेल्या वर्षी शेजारी काय काय मागायला गेलात? आमच्याकडे शिडी, ड्रिल मशीन, ताडपत्री, शेवयाचं मशीन, सोऱ्या, सतरंज्या आणि मोठी पातेली एवढंच निघालं. पण मागणी सगळ्यांची एकदमच येते. दिवाळीआधी जळमटं काढायला शिडी, फाल्गुन-चैत्रात शेवया-कुरडया, फेब्रुवारीत तुराबुल हक्क बाबांच्या उरुसाला पाहुणे आले की सतरंज्या. म्हणून नवीन प्रकारची वस्तू घेण्यापेक्षा दुसरी शिडी घेतलेली बरी. तीही फायबरची घ्या. ॲल्युमिनियमच्या शिडीतून करंट येतो, आणि आपल्याकडे गच्चीला लागून तारा असतात.

ड्रिल साधं घेतलं ही आमची चूक. एकानं त्यानं स्लॅबला भोकं पाडली आणि आर्मेचर जळालं. भांडायलाही जागा नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आता हॅमर ड्रिल ठेवतो, आणि बिट ज्याचं त्यानं आणायचं.

भांड्यांवर मात्र नीट वेळ घालवा, वाचनालय मोडलं तर त्याच्यावरूनच मोडेल. कुणी आजीच्या वेळचं पितळी पातेलं प्रेमानं दिलं तरी हात जोडा. कल्हई गेली की आंबट वरण कळकतं, आणि वर्षाला कल्हई कोण करून आणणार? जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, नाहीतर स्टीलची घ्या, आंबटाला स्टीलच. झाऱ्या-ओगराळ्यासकट प्रत्येक नगावर नाव आणि नंबर घालून घ्या. लग्नतिथीला एकच पातेलं तिघांना हवं असतं, म्हणून आम्ही छापलेली पत्रिका दाखवल्याशिवाय नाव लावत नाही. "बोलणी चाललीत" म्हणून आधीच अडवून ठेवणारे कमी नाहीत.

आमचं मोठं भांडण झालं ते कंदुरीवरून, म्हणजे नवसाच्या मटणाच्या जेवणावरून. एका घरानं मटणाला पातेली नेली, घासूनपुसून लखलखीत परत केली, तरी चार घरांनी आम्ही आता ती वापरणार नाही म्हणून सांगितलं. तीन बैठका झाल्या. शेवटी मटणासाठी वेगळी दोन पातेली घेतली, कडेला लाल पट्टा मारला. मला स्वतःला हा तोडगा फारसा आवडलेला नाही. पण एक गोष्ट आम्ही सोडली नाही: पट्टा पदार्थाचा आहे, माणसाचा नाही. दोन्ही संच कुणीही नेऊ शकतो. गावकीची भांडी पूर्वी कुणाला मिळायची आणि कुणाला नाही हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. म्हणून वहीच्या पहिल्याच पानावर लिहा, सही करेल त्याला वस्तू मिळेल. नंतर लिहायला गेलात तर ते वाक्य कुणावर तरी रोखलेलं वाटतं.

आता डिपॉझिट. आम्ही वर्षाला घरटी 200 रुपये घेतो आणि डिपॉझिट फक्त ड्रिलला, 500. उशिराचा दंड सुरुवातीला ठेवला होता, रोज 10 रुपये. त्यानं उलटंच झालं. लोक खुशाल आठ दिवस ठेवायचे आणि 80 रुपये टेकवून मोकळे, जणू भाड्यानं आणलं होतं. दंड काढला. आता वही उघडून काका फक्त एवढंच सांगतात, "तुमच्यानंतर शिंप्याच्या घरी जायचीय, त्यांना तुमचा नंबर देऊन ठेवलाय." पुढचा माणूसच फोन करतो, आणि शेजाऱ्याच्या फोनला कुणी सबब सांगत नाही.

व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची यांना मुदतच ठेवू नका. कधी कधी वस्तू राहते आणि माणूस जातं. तेव्हा फोन नाही, ग्रुपवर आठवण नाही. तेरावा झाल्यावर कुणीतरी बसायला जायचं. बहुतेक वेळा खुर्ची धुऊन दारातच ठेवलेली असते. ऑक्सिजनची यंत्रं कुणी फुकट देऊ केली तरी घेऊ नका, ते डॉक्टरांचं काम. घरगुती गॅसची टाकीही खोलीत नको. ती ज्याच्या नावावर आहे त्याच्याच घरी शोभते.

तुम्ही शिडी, ताडपत्री आणि सतरंज्यांवर सुरू करा. भांडी घ्यायचीच असतील तर तुळशीच्या लग्नाच्या निदान महिनाभर आधी घ्या, नाव घालणाऱ्याकडे तेव्हा गर्दी नसते. आणि किल्लीवाल्याचं काय ठरलं ते इथं जरूर लिहा.