'प्युरिटन'ला 'कर्मठ' म्हणावे का?

प्रश्न असा आहे : सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या पार्लमेंटातला राजविरोधी नेता जॉन पिम याचे छोटेसे चरित्र मराठीत लिहायचे आहे. 'प्युरिटन राजकारणी'ऐवजी 'कर्मठ राजकारणी' चालेल का, आणि त्याला 'राजद्रोही' म्हणता येईल का?

'कर्मठ' नको, अर्थ पार उलटा होतो. कर्मठ म्हणजे कर्मकांडात तसूभर चूक खपवून न घेणारा. प्युरिटनांचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधल्या कडव्या सुधारकांचे, भांडण तर कर्मकांडाशीच होते. पाद्र्याचा पांढरा झगा, बाप्तिस्म्यात बाळाच्या कपाळावर काढायची क्रुसाची खूण, प्रभुभोजन घेताना गुडघे टेकणे, हे सगळे त्यांना पोपच्या धर्माचे उरलेसुरले अवशेष वाटे. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या मर्जीतला आर्चबिशप लॉड चर्चमधली टेबले पूर्वेच्या भिंतीशी सरकवून त्यांना वेदीसारखे कठडे घालायला लावत होता. कर्मठ म्हणायचेच तर त्याला म्हणा.

'सोवळा' एका बाबतीत जवळ येतो, त्यातल्या टोमण्यामुळे. 'फार सोवळेपणाचा आव आणू नकोस' यातला सूर 'प्युरिटन'मध्येही होता. सोळाव्या शतकात विरोधकांनी हिणवायला वापरलेले हे नाव. १६२१ मध्ये रविवारच्या नाच-खेळांना आळा घालणारे विधेयक पार्लमेंटात आले, तेव्हा टॉमस शेपर्ड या सदस्याने त्याची टर उडवली. शब्बाथ, म्हणजे बायबलमधला विश्रांतीचा पवित्र दिवस, तो तर शनिवार, आणि बायबलमधला दावीद राजा तर देवाच्या कराराच्या पवित्र पेटीपुढे नाचला होता, असे त्याचे म्हणणे! वर विधेयकावर 'प्युरिटन' असा शिक्काही मारला. तेव्हा नवखाच असलेला पिम त्याच्यावर तुटून पडला, या नावावरही त्याचा आक्षेप होता. शेपर्डची सभागृहातून हकालपट्टी झाली. म्हणजे आपण ज्याला खुशाल प्युरिटन म्हणतो, त्याला ते दूषण वाटत होते.

'शुद्धिवादी' अर्थाने बरा, पण मराठी वाचकाला आधी भाषाशुद्धी आठवते. मी 'प्युरिटन'च ठेवीन आणि पहिल्या उल्लेखापाशी 'चर्चमधले पोपपंथी अवशेष काढून टाकू पाहणारा' एवढा खुलासा देईन.

मात्र त्याला नुसता धार्मिक माणूस करू नका. रॉजर मेनवेअरिंग या पाद्र्याने प्रवचनात सांगितले की राजाने सक्तीने मागितलेले कर्ज नाकारणे हे पाप आहे. १६२८ मध्ये त्याच्यावरचा महाभियोग पिमने चालवला. चार्ल्सने त्या पाद्र्याला माफी तर दिलीच, पुढे बिशपही केले! पिमच्या लेखी धर्म आणि कर हे दोन वेगळे विषय नव्हतेच, ते अशा प्रकरणांमुळे.

आता 'राजद्रोही'. ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स स्वतः शिपाई घेऊन सभागृहात आला तो पिमसह पाच सदस्यांना याच आरोपाखाली पकडायला. आधीच सुगावा लागल्याने पाचही जण निसटले होते. तेव्हा हा राजाचा शब्द आहे, वापरलात तर अवतरणात टाका. पिमची जाहीर भूमिका शेवटपर्यंत 'राजाला वाईट सल्लागारांनी भरीस घातले' अशीच होती. साधे 'राजाचा विरोधक' पुरते. 'राजेशाही उलथवणारा' हेही नको : पिम डिसेंबर १६४३ मध्ये वारला, चार्ल्सचा शिरच्छेद झाला १६४९ मध्ये.