“कशा आहात काकू?” या प्रश्नाची धास्ती

“मॅडम, सगळे म्हणतात लोकांत मिसळा. पण मिसळायला गेलं की लोक कीव करतात हो.”

डोंबिवलीच्या एक काकू, वय 63. काका जाऊन आठ महिने झालेले, मुलगा परदेशात. पहाटे तीनला जाग, जेवणाकडे दुर्लक्ष, भजनी मंडळ बंद. नातेवाईक म्हणत, “बाहेर पडा.” ही तक्रार मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते, आणि तिच्यात तथ्य असतं. भजनी मंडळात शिरलं की दहा जणी हात धरून विचारतात, “कशा आहात काकू?” याचं उत्तर रोज कुठून आणायचं?

आधी थायरॉईड आणि बी-12 तपासून घेतलं, मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. त्या चालू असतानाच मी सोसायटीच्या गच्चीवरच्या बागेचा विषय काढला. तिथे काही रहिवासी आठवडाभर पाळीपाळीने श्रमदान करतात. पालापाचोळा आणि ओल्या कचऱ्याच्या खतावर भाजी पिकवतात.

“म्हणजे फुकट माळीकाम?” काकू.

“हो. चेहरा कुंडीकडे ठेवायचा, लोकांकडे नाही.”

बागेत माणसं शेजारी शेजारी बसतात, समोरासमोर नाही. हात मातीत असले की गप्प बसणंही चालतं, कुणी कारण विचारत नाही. मधुमेह होता म्हणून दोन अटी घातल्या: पायात बंद बूट, हातात मोजे. धनुर्वाताचं इंजेक्शनही आधीच घेऊन टाकलं.

त्यांच्या वाट्याला अमृतजलाची, म्हणजे झाडांना घालायच्या पातळ खताची, बादली आली. शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या, कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी उभ्या केलेल्या प्रयोग परिवाराची ही पद्धत: 10 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ. तीन दिवस ढवळत राहायचं, मग दहापट पाणी घालून वापरायचं. पहिल्या दिवशी काकूंनी नाकाला पदर लावला. पण बादली मूड विचारत नाही. जिने चढावेच लागले, सकाळचं ऊन अंगावर आलं, आणि झोपेची घडी बसायला त्या उन्हाचाही हातभार लागला. उत्साह आला की उठू, असं नैराश्यात म्हणून चालत नाही. बहुतेक वेळा आधी उठावं लागतं, उत्साह मागून येतो.

2011 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात 30 बागकाम करणाऱ्यांना आधी मुद्दाम ताण दिला. मग निम्म्यांनी अर्धा तास बागकाम केलं, निम्म्यांनी वाचन. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, बागकामवाल्यांचं जास्त. प्रयोग छोटा आहे, त्यावर मी गोळ्या बंद करणार नाही. पण काकूंना तो आवडला. “वाचनाने मला झोपच येते,” म्हणाल्या. तीन महिन्यांत त्यांनी केलेला पहिला विनोद.

वर्षश्राद्धाच्या आसपास त्या पुन्हा कोसळल्या. पंधरा दिवस गच्चीवर गेल्या नाहीत. मग खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी बेल वाजवली. “बादली किती ढवळायची ते तुम्हालाच ठाऊक, वर या.” तब्येत विचारली नाही.

परवा काकू तणतणत आल्या. त्यांची कोवळी वांगी कुणीतरी परस्पर तोडून नेली होती. “विचारायची पद्धत आहे की नाही?” त्या पूर्ण वीस मिनिटं वांग्यांवरच बोलल्या. मी पुढची भेट महिन्याने ठेवली.